गव्हाशिवायचं स्वयंपाकघर

मित्रांनो, काल दिवसभरात तुम्ही काय काय खाल्लंत, ते जरा आठवून बघा बरं! सकाळी दुधाबरोबर बिस्किटं? डब्यात पोळी-भाजी? मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्यातला शिरा? संध्याकाळी खेळून आल्यावर चहाबरोबर टोस्ट, नाहीतर शेवयांचा उपमा?

आता पेन्सिल घ्या आणि यातल्या ज्या ज्या पदार्थात गहू आहे, तो खोडा. बिस्किटं गेली, कारण ती मैद्याची, आणि मैदा म्हणजे गहूच. पोळी तर गेलीच. शिरा गेला, कारण रवा गव्हाचा. टोस्ट गेला, शेवया गेल्या. राहिलं काय? दूध, चहा आणि डब्यातली नुसती भाजी!

आमच्या घरी २०१९ साली खरोखरच अशी यादी खोडायची वेळ आली. माझी धाकटी मुलगी तेव्हा चौथीत होती. वर्षभर तिचं वजन वाढत नव्हतं. चेहरा पांढुरका दिसायचा, पोट सारखं फुगलेलं आणि जिना चढून आली की ही आपली खाली बसायची. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, जंताचं औषध झालं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं: सिलिअ‍ॅक.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून तिलाच समजावलं. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे अगदी बारीक बारीक उंचवटे असतात. टर्किश टॉवेलला कसे धाग्यांचे बारीक फासे असतात, तसेच. त्यामुळे टॉवेल जसा पाणी भराभर टिपतो, तसं आतडं अन्नातलं सत्त्व टिपून घेतं. या आजारात गव्हामधल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाला शरीर शत्रू समजतं. लढाई सुरू होते आणि त्या लढाईत आपलेच उंचवटे झिजतात. टर्किश टॉवेलचा होतो साधा पंचा! मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. जगभरात साधारण शंभरातल्या एखाद्याला हा त्रास असतो. त्याला गोळी नाही की इंजेक्शन नाही. गहू, जव आणि राय ही धान्यं आयुष्यभर बंद, एवढाच उपाय. ती बंद केली की उंचवटे हळूहळू पुन्हा उगवतात.

(आई-बाबांसाठी एक सूचना. हे वाचून कुणी उद्यापासून घरातला गहू बंद करू नका. ज्यांना हा आजार नाही, त्यांना पोळी चांगलीच आहे. आणि शंका असेल तर आधी तपासणी करा. गहू आधीच सोडला, तर तपासणीत आजार नीट दिसत नाही.)

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कसा कळला, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये मोठा दुष्काळ पडला. पाव मिळेना. लोक ट्यूलिपच्या फुलांचे कंदसुद्धा शिजवून खाऊ लागले. सगळी माणसं खंगत होती, पण हा आजार असलेली मुलं मात्र सुधारत होती! विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. युद्ध संपलं, पाव परत आला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडू लागली. डिके यांचा संशय पक्का झाला आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध लिहिला.

हे सगळं ऐकून आम्ही घरी आलो. संध्याकाळचे सहा वाजले होते. साडेआठला जेवण. पोळी नाही, मग ताटात काय वाढायचं? इथून माझी स्वयंपाकाची शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू झाली. आणि या शाळेला एक-दोन नव्हे, चांगल्या चार बाई लाभल्या.

पहिल्या बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातल्या मावशी. सोलापूरकडच्या. दुपारी तीन ते चार त्यांना जरा उसंत असते. त्या वेळात त्या आमच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहू लागल्या. मी वीस वर्षं रोजच्या रोज पोळ्या लाटणारी. पण ज्वारीच्या पिठाला लाटणं चालत नाही. पीठ फाटतं, कडा तुटतात. मावशी म्हणायच्या, "ताई, गव्हाला कसंबी वढा, त्ये ऐकतं. जवारीला थापटूनच समजवावं लागतं!"

त्यांच्या या बोलण्यात विज्ञान आहे, आणि ते तुम्ही घरी स्वतः बघू शकता. कणकेचा लिंबाएवढा घट्ट गोळा मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग भांडंभर पाण्यात तो हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी निघत राहील. पाणी बदलत बदलत धुतलंत, की शेवटी हातात च्युइंगगमसारखा एक चिवट गोळा उरेल. तेच ग्लुटेन! त्याच्या जाळ्यामुळेच पोळी ताणली जाते आणि पाव फुगतो. आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. सगळं पीठ पाण्याबरोबर वाहून जाईल. हातात काही उरणार नाही. ज्वारीत ते जाळंच नाही. म्हणून भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि जाळ्याचं काम थोडंफार तोच करतो.

मावशींनी आम्हां दोघींना शिकवलं. हो, धाकटीलाही! पीठ तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. परातीत कोरडं पीठ पसरून त्यावर थापायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्यायची आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं, की उलटायची. मग शेवटी थेट जाळावर. पंधरा दिवसांनी धाकटीची एक भाकरी अशी टम्म फुगली, की मावशींनी तिच्या पाठीवर शाबासकीची थापच मारली. फ्रॉकवर पाच बोटं पिठाची!

पण नुसतं धान्य बदलून भागत नाही. आमची ज्वारी गिरणीतून दळून यायची. त्याच जात्यात आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. त्याचं उरलेलं पीठ आमच्या ज्वारीत मिसळायचं. आपल्याला ते चिमूटभर वाटतं, पण हिच्या आतड्याला तेवढंही पुरतं. म्हणून आम्ही एक घरघंटी घेतली. त्या वर्षीची सहलीला जायची शिल्लक तिच्यात गेली. थोरल्यानं थोडी कुरकुर केली. मग घंटीचं बटण दाबायचा मान त्याला दिला, तेव्हा गडी खूष झाला.

दुसरी गोष्ट हिंगाची. गहू घरातून पुरता हद्दपार झाला, तरी हिचं पोट अधूनमधून दुखतच होतं. डाळ-भात खाल्ला तरी दुखायचं. डॉक्टरही विचारात पडले. धाकटीला तेव्हा पाकिटांच्या मागचा मजकूर वाचायचा नाद लागला होता. एके दिवशी ती हिंगाची डबी घेऊन धावत आली. "आई, हे बघ! हिंगात गव्हाचं पीठ!" खरंच होतं. शुद्ध हिंग फार उग्र असतो. म्हणून बाजारातल्या हिंगात डिंक आणि कसलं तरी पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं असतं. रोजच्या फोडणीतून ते तिच्या पोटात जात होतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. तो आणला आणि आठवड्याभरात दुखणं थांबलं. जे आम्हां मोठ्यांना सापडलं नाही, ते चौथीतल्या मुलीनं शोधून काढलं होतं!

तिसऱ्या मजल्यावर एक केरळी आजी राहतात. त्या आमच्या दुसऱ्या बाई. धाकटीला शेवया फार आवडायच्या, हे त्यांना कळलं. त्यांनी तांदळाच्या पिठाची उकड काढली, सोऱ्यात भरली आणि इडलीच्या साच्यात शेवया पाडून वाफवल्या. इडिअप्पम! वर नारळाचं दूध आणि साखर. धाकटीनं तीन वेळा मागून घेतलं. इतक्यात माझ्या सासूबाई आल्या. त्या सिंधुदुर्गातल्या. ताटलीत डोकावून म्हणाल्या, "अगो, हे तर आमचे शिरवाळे! आम्ही नारळाच्या रसात गूळ घालतो एवढंच." मग काय, दोन्ही आज्या ओट्यापाशी उभ्या! एकीला मराठी बेताचं, दुसरीला मल्याळम अजिबात नाही. पण सोऱ्या दोघींनाही कळत होता.

अशा सासूबाई झाल्या आमच्या तिसऱ्या बाई. त्यांच्याकडून मी घावनं शिकले, आंबोळ्या शिकले, तांदळाची भाकरी शिकले. त्यांनीच एक गंमत दाखवून दिली. आपले उपासाचे पदार्थ आठवा. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. एकातही गहू नाही! एकादशीला आमच्या सगळ्यांची ताटं सारखी असायची. धाकटी म्हणायची, "आज तुम्ही माझ्यात आलात." सणांचंही तसंच. उकडीचे मोदक तांदळाचे, अनारसे तांदळाचे, चिवडा पोह्यांचा, लाडू बेसनाचे. फक्त करंज्या आणि शंकरपाळ्यांना रजा. कोकणातल्या, देशावरच्या, दक्षिणेतल्या बायकांनी शेकडो वर्षांत हे पदार्थ करून ठेवले होते. आमच्या डोळ्यांसमोर मात्र एवढे दिवस पोळीच होती.

चार महिन्यांत वजन अडीच किलोनं वाढलं. गालांवर रंग आला. डॉक्टर खूष, आम्ही खूष.

पण धाकटी खूष नव्हती.

ती मैत्रिणींच्या वाढदिवसांना जायची आणि कागदी बशीतला केकचा तुकडा तसाच घरी घेऊन यायची. थोरल्याच्या हातात द्यायची आणि काही न बोलता हातपाय धुवायला जायची. पुढे पुढे वाढदिवस आला, की तिचं डोकं दुखायला लागायचं. शाळेत डबा खाताना ती कोपऱ्यात बसायची, कारण कुणी प्रेमानं घास पुढे केला, की नाही म्हणावं लागायचं. एकदा मी तिच्या वहीत डोकावले. मागच्या पानावर तिनं लिहिलं होतं: "मला न चालणाऱ्या गोष्टी." खाली मोठी यादी होती. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: "पार्टी."

मित्रांनो, आतडं बरं होत होतं, पण ही मुलगी एकटी पडत होती. त्याला कुठली भाकरी चालणार होती?

मी केक शिकायचं ठरवलं. घराजवळ शनिवारी केकचा वर्ग भरायचा. तिथल्या बाई आमच्या चौथ्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "गव्हाशिवाय केक होतो का?" त्या म्हणाल्या, "मी कधी केलेला नाही. पण या तुम्ही. वर्ग संपला की थांबत जा. आपण करून बघू." आणि खरोखरच चार शनिवार वर्ग संपल्यावर त्या आमच्यासाठी थांबल्या. सगळी भांडी, चाळणी, ब्रश आम्ही घरून न्यायचो, कारण वर्गात मैदा उडालेला असायचा.

धाकटीनं परीक्षकाचं काम घेतलं. तिच्याकडे गुणपत्रिकेची वही होती. नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक: दहापैकी ३. शेरा: "वाळूचा किल्ला. हात लावला की पडतो." नाचणीचा केक: ४. शेरा: "रंग छान. चव कुंडीची." तिसरा केक भट्टीत उत्तम फुगला आणि बाहेर काढताच मधोमध खचला. गुण ५. शेरा: "ज्वालामुखीचं मुख. भूगोलाला उपयोगी."

केक खचत होता, कारण फुगवणारा वायू धरून ठेवायला ग्लुटेनचं जाळं नव्हतं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी चिकट हवं होतं. बाईंनी पुस्तकं चाळली, फोन केले आणि चौथ्या शनिवारी त्यांनी पिशवीतून काय काढलं असेल? इसबगोल! तेच ते, औषधाच्या दुकानात मिळणारं, आजोबा रात्री पाण्यातून घेतात ते. भिजलं की त्याचा बुळबुळीत चीक होतो. तो चीक वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. ज्वारी आणि तांदळाचं पीठ निम्मं निम्मं, दोन पिकलेली केळी, अंडी, दही, खायचा सोडा आणि चमचाभर इसबगोल. केक फुगला. बाहेर काढला. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. केक जागचा हलला नाही! धाकटीनं तुकडा खाल्ला, वही उघडली आणि लिहिलं: ९. एक गुण का कापला, असं बाईंनी विचारलं. "आजोबांना सांगितलं नाही म्हणून," ती म्हणाली.

फेब्रुवारी २०२० मध्ये शाळेत अंगतपंगत होती. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. धाकटीनं आदल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं, "मी त्या दिवशी येणार नाही." केक जमल्यावर ती म्हणाली, "जाऊ का?" आम्ही रात्री चार केक भाजले. बेचाळीस तुकडे झाले.

तिनं वर्गात कुणालाच सांगितलं नाही, की हा वेगळा केक आहे. डबा उघडला आणि संपला. मग एका मुलीनं विचारलं, "तुझा केक आम्ही खाल्ला. तू आमचं का नाही खात?" तेव्हा हिनं खडू घेतला आणि फळ्यावर टर्किश टॉवेल काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसंच सगळं सांगितलं. हिंगाची गोष्टही सांगितली. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "आई, आपण कुळीथ खातो ना? एक जण विचारत होता कुळीथ चालतो का. त्याच्या घरी खूप आहे म्हणे."

पुढच्याच आठवड्यात त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या आईचा फोन आला. तिचा वाढदिवस होता. "तुमच्या लेकीला काय काय चालतं, ते सांगाल का? लिहूनच घेते." त्यांनी त्या दिवशी साबुदाणा वडे केले, नवीन तेल काढून तळले. हिच्या एकटीसाठी नव्हे. सगळ्यांसाठी तेच केले. त्या संध्याकाळी धाकटीचं डोकं दुखलं नाही.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद, वर्ग बंद, मावशी गावी गेल्या. पण तोवर धाकटी स्वतःची भाकरी स्वतः करू लागली होती. गुणपत्रिकेची वही आता तिसरी चालू आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकारानं २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून दुकानात ज्वारी-नाचणीच्या खाऊची रेलचेल झाली आहे. तरी ती पाकीट उलटून वाचल्याशिवाय काही घेत नाही. पुढे मोठ्या अक्षरात 'नाचणी बिस्किटं' आणि मागे बारीक अक्षरात 'मैदा', असं तिला बऱ्याचदा सापडतं!

तुमच्याही वर्गात कुणीतरी असेल. कुणाला गहू चालत नसेल, कुणाला शेंगदाणे, कुणाला दूध, कुणाला साखर. तो नाही म्हणाला, तर "थोडंसं खा रे, काही होत नाही" असं म्हणून आग्रह करू नका. थोडंसंही होतं. त्याऐवजी विचारा, "मग तुला काय चालतं?" आणि पुढच्या वेळी डब्यात तेच न्या.

सुरुवात घावनांपासून करा. आईला किंवा बाबांना गॅसपाशी उभं करा. एक वाटी तांदळाचं पीठ, चवीला मीठ आणि साधारण दोन वाट्या पाणी. पीठ ताकासारखं पातळ हवं. तवा चांगला तापवा, तेलाचा हात फिरवा. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळून घ्या. मग वाटीनं कडेकडेनं सुरुवात करून मध्यापर्यंत ओता. जाळी पडली की झाकण ठेवा. मिनिटभरानं कडा सुटतील. घावन उलटू नका, नुसतं घडी घालून काढा. ओलं खोबरं आणि गूळ बरोबर घ्या. आणि खाल्ल्यावर वहीत गुण द्यायला विसरू नका. शेराही लिहा!